छाया आणि छटा : वैज्ञानिक दृश्यीकरणातील प्रकाशयोजना व वर्णनिष्ठेचा इतिहास

प्रस्तावना :

मराठीत 'छाया' आणि 'छटा' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. प्रकाश अडल्याने वा तिरपा पडल्याने वस्तूच्या पृष्ठभागावर जो काळोख उतरतो ती छाया; वस्तूच्या स्वतःच्या रंगातील जो सूक्ष्म फरक असतो ती छटा. इंग्रजी भाषा या दोहोंसाठी बहुधा एकच शब्द वापरते. हा केवळ शब्दकोशातील योगायोग मानता आला असता. परंतु गेल्या पाच दशकांत शास्त्रज्ञांनी संगणकाच्या पडद्यावर जी चित्रे निर्माण केली, त्यांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न नेमका या दोन शब्दांमधील अंतराशी निगडित आहे. पडद्यावरील एखादा बिंदू गडद दिसतो तेव्हा तो तेथील तापमान, दाब वा घनता कमी आहे म्हणून गडद दिसतो, की तेथील पृष्ठभाग दिव्यापासून दूर वळला आहे म्हणून? चित्र पाहणाऱ्याला हा भेद करता आला नाही तर चित्र कितीही आकर्षक असले तरी ते मोजमापाचे साधन राहत नाही.

प्रश्नाचे गणिती स्वरूप साधे आहे. योहान हाइनरिश लँबर्ट या गणितज्ञाने १७६० मध्ये प्रकाशमापनावरील आपल्या ग्रंथात असा नियम मांडला की, खरखरीत, निस्तेज पृष्ठभागावर पडणारा प्रकाश हा किरण व पृष्ठभागाचा लंब यांमधील कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. कोन ६० अंशांचा झाला की प्रकाश निम्मा होतो. आता समजा, करड्या रंगश्रेणीत ०.८ हे मूल्य फिकट करड्या रंगाने दाखवले आहे. दिव्यापासून ६० अंश वळलेल्या भागावर तोच रंग ०.४ एवढा उरतो. आणि रंगश्रेणीच्या पट्टीशी ताडून पाहणारा वाचक तेथे ०.४ हेच मूल्य वाचतो. विदेत कोणताही बदल झालेला नसतो. वाचन मात्र निम्म्यावर येते.

नकाशाकारांचा वारसा :

ही अडचण संगणकाने जन्माला घातलेली नाही. डोंगराळ प्रदेशाचा उंचसखलपणा सपाट कागदावर कसा दाखवावा, या प्रयत्नात युरोपातील नकाशाकारांना ती एकोणिसाव्या शतकातच भेटली होती. सॅक्सनीतील लष्करी अधिकारी योहान गेऑर्ग लेहमान याने १७९९ मध्ये उतारदर्शक आखूड रेषांची पद्धत शिस्तबद्ध केली. तीत प्रकाश थेट माथ्यावरून पडतो असे गृहीत धरलेले होते. जितका उतार तीव्र तितका भाग काळा. पुढे रंगीत छपाई सुलभ झाल्यावर उंचीनुसार रंगपट्टे देण्याची प्रथा रूढ झाली आणि एकाच नकाशावर छाया व छटा या दोन्ही भाषा बोलू लागल्या. व्हिएन्नातील कार्ल पॉयकर याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच छायेने येणारा उठाव आणि रंगाने येणारा उठाव असे दोन पक्ष समोरासमोर ठेवले होते. पॉयकरचा कल रंगाकडे होता. स्वित्झर्लंडच्या परंपरेने मात्र छायेला अग्रस्थान दिले, आणि एडुआर्ड इमहोफ याने १९६५ मधील आपल्या ग्रंथात दोहोंचा मेळ कसा घालावा याचे अत्यंत बारकाईने विवेचन केले.

या परंपरेत प्रकाश नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून, येतो असे मानण्याची रूढी आहे. उत्तर गोलार्धातील मध्य अक्षांशांवर भर दुपारी सूर्य कधीही त्या दिशेला नसतो. तरीही उलट दिशेने प्रकाश दिल्यास डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या भासतात, म्हणून ही रूढी टिकली. सह्याद्रीचा नकाशा असा रंगवला तर कोकणाकडे तोंड करून उभे असलेले कडे उजळतात आणि त्याच उंचीचे पूर्वाभिमुख उतार झाकोळतात. उंचीचा रंगपट्टा दोन्हीकडे एकच असूनही वाचकाच्या डोळ्यांना तो दोन निरनिराळ्या रंगांचा दिसतो. कुशल नकाशाकार हा दोष हाताने सावरीत असे. कोठे छाया सौम्य करावी, कोठे रंग पातळ करावा, याचा निर्णय तो स्थळ पाहून घेत असे. पिन्हास योएली याने १९६० च्या दशकात हेच छायांकन लँबर्टच्या नियमानुसार गणकयंत्राकडून करवून घेण्याचा मार्ग दाखवला, तेव्हा श्रम वाचले. परंतु सावरण्याचा तो विवेक सूत्रात बसवता आला नव्हता.

युटा विद्यापीठ आणि वास्तवाभासाचे सूत्र :

संगणकीय चित्रणात आज ज्या प्रकाशसूत्रांचा वापर सर्वपरिचित आहे, त्यांपैकी मूलभूत सूत्रे अमेरिकेतील युटा विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात घडली. त्या काळी वक्र पृष्ठभाग हा लहान लहान सपाट बहुकोनांनी बनवला जात असे. प्रत्येक बहुकोनाला एकच उजळपणा दिला की कडांवर पट्टे दिसत. एर्न्स्ट माख याने १८६० च्या दशकात वर्णिलेल्या दृष्टिभ्रमामुळे हे पट्टे प्रत्यक्षाहून अधिक ठळक भासत. आंरी गूरो याने १९७१ मध्ये यावर उपाय सुचवला : प्रकाशाचे गणित केवळ बहुकोनाच्या शिरोबिंदूंवर करावे आणि मधला रंग दोन्ही बाजूंच्या रंगांच्या क्रमशः मिश्रणाने भरावा. बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने १९७३ मधील प्रबंधात आणि १९७५ च्या लेखात त्यापुढे पाऊल टाकले. त्याच्या सूत्रात दृश्य प्रकाशाचे तीन घटक होते : सर्वत्र सारखा असणारा परिसरप्रकाश, लँबर्टच्या नियमाने येणारे विसरित परावर्तन, आणि गुळगुळीत पृष्ठभागावरील चकाकी. १९७५ मध्येच फाँगचे अकाली निधन झाले. त्याचे सूत्र मात्र संगणकीय चित्रणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिरले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. गूरो व फाँग यांच्यासमोरचा प्रश्न वस्तू खरी कशी भासेल हा होता. वस्तूच्या रंगावरून संख्या कशी वाचता येईल हा नव्हता. त्यांच्या सूत्रांत रंग हा प्रकाशाचा आश्रित आहे. विसरित परावर्तन रंगाला गुणते व त्याला गडद करते. चकाकी त्यात पांढरा प्रकाश मिळवते व त्याची संपृक्तता घटवते. चहाच्या किटलीसाठी हे योग्यच होते. किटलीच्या रंगाकडून कोणी तिचे तापमान विचारत नव्हते.

गूरोच्या पद्धतीतून आणखी एक दोष वारशाने आला. एका शिरोबिंदूचे मूल्य किमान असून त्याचा रंग निळा, आणि शेजारच्या शिरोबिंदूचे मूल्य कमाल असून त्याचा रंग तांबडा असेल, तर मधोमध मूल्य मध्यम असल्याने इंद्रधनुषी रंगश्रेणीत तेथे हिरवा रंग यावयास हवा. रंगांचेच मिश्रण केल्यास तेथे जांभळा येतो, आणि जांभळा रंग त्या श्रेणीत कोठेही नसतो. नंतरच्या आज्ञावलींनी आधी मूल्यांचे मिश्रण करून मग रंग देण्याची सोय केली. तथापि ती सोय बराच काळ वापरकर्त्याने स्वतः मागून घ्यावयाची वस्तू राहिली.

दृश्यीकरण शास्त्र बनते :

१९८७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ब्रूस मॅकॉर्मिक, थॉमस डीफँटी व मॅक्सिन ब्राउन यांनी संपादित केलेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानसाठीचा वैज्ञानिक दृश्यीकरणावरील अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्राला नाव, निधी व प्रतिष्ठा लाभली. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील विल्यम लॉरेन्सन व हार्वी क्लाइन यांनी वैद्यकीय क्ष-किरण छेदांतून त्रिमितीय पृष्ठभाग काढण्याची 'मार्चिंग क्यूब्ज' ही पद्धत मांडली. हाडे, धमन्या, वादळातील ढग यांचे पृष्ठभाग आता पडद्यावर फिरवून पाहता येऊ लागले. फिरवून पाहण्यासाठी छायांकन अपरिहार्य होते, कारण छायेवाचून आकार कळत नाही.

लॉरेन्सन, विल श्रोडर व केन मार्टिन यांनी १९९३ मध्ये आरंभलेल्या 'व्हीटीके' या मुक्त आज्ञावली-संचाने हे तंत्र प्रयोगशाळांच्या आवाक्यात आणले. 'पॅराव्ह्यू' ही २००० नंतर विकसित झालेली आज्ञावली त्याच संचावर उभी आहे. व्हीटीकेची मूळ मांडणी पाहिली तर तिच्या कर्त्यांना या प्रश्नाची जाणीव होती असे दिसते : चकाकीचे पूर्वनिर्धारित मूल्य शून्य ठेवलेले आहे. परंतु पूर्वनिर्धारित दिवा हा पाहणाऱ्याच्या कपाळावर बसवल्यासारखा, नजरेसोबत फिरणारा आहे. वस्तू फिरवली की एकाच बिंदूवर पडणारा प्रकाश बदलतो व त्याचा रंगही बदलतो. मोजलेले मूल्य स्थिर आणि त्याचे चित्र अस्थिर, अशी ही स्थिती आहे. (त्याच संचातील मूळ रंगश्रेणी किमान मूल्यास तांबडा व कमाल मूल्यास निळा रंग देते, प्रचलित संकेताच्या अगदी उलट. अनेक नवशिक्या वापरकर्त्यांनी उष्ण व शीत यांची अदलाबदल याच कारणाने केली असल्यास नवल नाही.)

इंद्रधनुषी श्रेणीचे चिवट आयुष्य :

इंद्रधनुषी रंगश्रेणीवर जेवढी टीका झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या वैज्ञानिक सवयीवर झाली असेल. बर्निस रोगोविट्झ व लॉइड ट्राइनिश यांनी १९९० च्या दशकात तिचे दोष दाखवले. डेव्हिड बोर्लंड व रसेल टेलर यांनी २००७ मध्ये ती अद्यापही अपायकारक असल्याचे शीर्षकातच जाहीर केले. पिवळ्या रंगाजवळ नसलेली सीमा दिसते, हिरव्या पट्ट्यात असलेला फरक दिसत नाही, रंगांध व्यक्तीस तांबडे-हिरवे एकच वाटते. हे आक्षेप खरे आहेत. तरीही ती श्रेणी टिकली, आणि याचे श्रेय केवळ अज्ञानाला वा आळसाला देणे अन्यायाचे होईल.

कारण प्रकाशाच्या गणितातच तिच्या बाजूने एक युक्तिवाद दडलेला आहे. पांढऱ्या दिव्याखाली विसरित परावर्तन तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही घटकांना एकाच संख्येने गुणते. घटकांचे परस्परप्रमाण कायम राहते. म्हणजे उजळपणा बदलला तरी वर्ण बदलत नाही. ज्या श्रेणीत माहिती उजळपणाने वाहिली जाते, ती छायेखाली मोडून पडते. ज्या श्रेणीत ती वर्णाने वाहिली जाते, ती बव्हंशी तगते. शिवाय कॉलिन वेअर याने १९८८ मध्ये दाखवून दिले होते की, शेजारच्या रंगांच्या प्रभावामुळे होणारी वाचनातील चूक करड्या श्रेणीत मोठी असते आणि वर्ण बदलत जाणाऱ्या श्रेणीत लहान. त्रिमितीय पृष्ठभागांवर काम करणाऱ्या अभियंत्यांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल. परंतु डोळ्यांनी तो केला असावा, असे म्हणावयास जागा आहे.

अर्थात हे संरक्षणही अपुरे होते. निम्म्या प्रकाशातला पिवळा रंग पिवळा दिसत नाही, तो शेवाळी वा तपकिरी दिसतो. कारण तपकिरी हा गडद पिवळ्याचाच अनुभव आहे. वर्णाचे गणिती प्रमाण टिकते, संवेदना टिकत नाही. त्यातच जुन्या पडद्यांच्या संकेतनाचा प्रश्न होता. पडद्याला दिलेली संख्या व त्यातून बाहेर पडणारा प्रकाश यांचे नाते सरळ नसून सुमारे २.२ या घाताचे असते. पुष्कळ आज्ञावली प्रकाशाचा गुणाकार थेट संकेतित संख्येवरच करीत. परिणामी ६० अंशांवर प्रकाश निम्मा न राहता सुमारे २२ टक्क्यांवर येई आणि छाया निसर्गापेक्षाही काळीकुट्ट होई.

शुक्राचा नारिंगी रंग :

ग्रहविज्ञानात हा गोंधळ सर्वांत नाट्यपूर्ण रीतीने प्रकट झाला. व्हायकिंग-१ या यानाने जुलै १९७६ मध्ये मंगळावरून पाठवलेले पहिले रंगीत चित्र घाईने जुळवून प्रसिद्ध केले गेले, तेव्हा तेथील आकाश पृथ्वीसारखे निळसर दिसत होते. पुढे यानावरील रंगमापक पट्ट्यांच्या साहाय्याने दुरुस्ती होऊन आकाश फिकट गुलाबी-पिवळसर ठरले. पत्रकार परिषदेत ही दुरुस्ती जाहीर होताच पत्रकारांनी गमतीने हुर्यो केली होती. तेथे निदान दुरुस्तीसाठी यानावर नेलेला प्रमाणित रंग उपलब्ध होता.

शुक्राची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. सोव्हिएत व्हेनेरा-१३ व व्हेनेरा-१४ या यानांनी १९८२ मध्ये शुक्राच्या भूमीची नारिंगी चित्रे पाठवली. तो नारिंगीपणा खडकांचा नव्हता. घनदाट वातावरणाने सूर्यप्रकाशातील निळा भाग गाळून टाकला होता. कार्ली पीटर्स व तिच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा परिणाम वजा केला तेव्हा दृश्य प्रकाशात खडक गडद करडे ठरले. पुढे अमेरिकेच्या मॅगेलन यानाने १९९० ते १९९२ या काळात रडारने शुक्राचे मापन केले. त्या विदेवरून संगणकाने तयार केलेल्या, मात मोन्स ज्वालामुखीच्या सुप्रसिद्ध दृश्यात उंची २२.५ पट वाढवलेली होती, आणि रंग घेतला होता व्हेनेराच्या चित्रांवरून. म्हणजे वातावरणाचा रंग खडकाला चिकटला. त्याहून सूक्ष्म बाब अशी की, त्या चित्रातील उजळ भाग हे प्रकाशाने उजळलेले नाहीत. रडारच्या लहरी खडबडीत भूभागावरून अधिक परततात, म्हणून ते उजळ आहेत. पाहणारा मात्र त्यांत ऊन आणि सावली वाचतो. चित्रासोबतच्या मजकुरात या सर्व बाबी दिलेल्या होत्या. मजकूर मागे राहिला आणि चित्र जगभर गेले.

नव्या श्रेणी, जुने दिवे :

रंगश्रेणींच्या सुधारणेचा पुढचा टप्पा वेगाने आला. मॅटलॅब या आज्ञावलीने २०१४ मध्ये आपली 'जेट' ही इंद्रधनुषी श्रेणी बाजूला सारून 'परुला' स्वीकारली. पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिबसाठी स्तेफान व्हान देर वॉल्ट व नॅथॅनियल स्मिथ यांनी २०१५ मध्ये 'व्हिरिडिस' सादर केली व २०१७ पासून ती पूर्वनिर्धारित झाली. फाबियो क्रामेरी व सहकाऱ्यांच्या २०२० मधील लेखाने हा विषय सर्व विद्याशाखांपर्यंत पोहोचवला. या चळवळीचे यश निर्विवाद आहे. परंतु तिची मध्यवर्ती कसोटी, म्हणजे मूल्याबरोबर उजळपणा समगतीने वाढावा ही, सपाट आलेखासाठी रचलेली आहे. वर पाहिल्याप्रमाणे उजळपणा हेच तर छायेचे क्षेत्र. व्हिरिडिस श्रेणी प्रकाशित गोलावर चढवली की तिचा सर्वांत मोठा गुण तिच्याच विरोधात जातो.

हा विरोध ओळखून रचलेली श्रेणी त्याआधीच अस्तित्वात होती. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील केनेथ मोरलँड याने २००९ मध्ये निळ्याकडून मधल्या फिकट करड्यातून तांबड्याकडे जाणारी श्रेणी मांडली. तिची दोन्ही टोके फार काळी पडत नाहीत. म्हणून पृष्ठभागावरील काळोख दिसला की तो छायेचा आहे, हे डोळ्याला उमगते. छायेसाठी उजळपणा राखून ठेवायचा आणि विदेसाठी वर्ण वापरायचा, अशी ही वाटणी होती. पॅराव्ह्यूने ती दीर्घ काळ पूर्वनिर्धारित ठेवली.

पण दिव्यांचा प्रश्न उरलाच. मायकेल हॅले व जेनेट मेंग यांनी २००३ मध्ये मांडलेला आणि व्हीटीके व पॅराव्ह्यू यांत समाविष्ट झालेला दिवेसंच छायाचित्रकाराच्या दालनावर बेतलेला आहे. वरून येणारा मुख्य दिवा, खालून भरणा करणारा दिवा, नजरेसोबतचा दिवा व मागचे दिवे अशी ती योजना. आकार त्यामुळे सुरेख उमटतो. मात्र दिव्यांना 'उबदारपणा' हा गुणही दिलेला आहे. ०.५ म्हणजे शुद्ध पांढरा. मुख्य दिव्याचे पूर्वनिर्धारित मूल्य ०.६, म्हणजे किंचित पिवळसर; भरण्याच्या दिव्याचे ०.४, म्हणजे किंचित निळसर. आता मोरलँडच्या श्रेणीचा मधला करडा रंग, जो शून्याचा निदर्शक असतो, वर तोंड केलेल्या पृष्ठभागावर उबेकडे झुकतो आणि खाली तोंड केलेल्या पृष्ठभागावर थंडाव्याकडे. एका गटाने काळजीपूर्वक राखलेली वर्णाची वाट दुसऱ्या गटाच्या तितक्याच काळजीपूर्वक केलेल्या प्रकाशयोजनेने थोडी का होईना पुसली जाते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी सयुक्तिक होते.

या चुकांची किंमत केवळ सौंदर्यदृष्टीची नाही, हे हार्वर्ड विद्यापीठातील मिशेल बोर्किन व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासाने दाखवले. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीवर रक्तप्रवाहाचा ताण जेथे कमी असतो तेथे रोगाचा धोका वाढतो. अशा जागा ओळखण्यास वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांगितले असता, इंद्रधनुषी रंगांच्या त्रिमितीय धमनीवर त्यांना केवळ ३९ टक्के जागा सापडल्या. तीच विदा सपाट उलगडून दोन टोकांकडे जाणाऱ्या रंगश्रेणीत दाखवली तेव्हा ९१ टक्के सापडल्या. या तुलनेत रंगश्रेणी बदलली होती आणि मितीही. मिती कमी होताच लपलेले भाग उघड झाले, फिरवण्याची गरज सरली, आणि छायांकनही आपोआप गळाले. विशेष म्हणजे सहभागी व्यक्तींना आरंभी इंद्रधनुषी त्रिमितीय चित्रेच परिचयाची व नैसर्गिक वाटत होती.

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दृश्यीकरणाच्या आज्ञावलींत किरणमार्गाचा पाठपुरावा करणारे, भौतिक नियमांच्या अधिक जवळ जाणारे प्रकाशचित्रण आले. त्यात एका पृष्ठभागावरून उडालेला रंगीत प्रकाश शेजारच्या पृष्ठभागावर पडतो. तांबड्या मूल्याशेजारचे करडे मूल्य तांबूस होते. उजळपणाची कक्षा आवळण्यासाठी शेवटी जे रूपांतर केले जाते ते संपृक्त रंगांना आणखी फिके करते. चित्र जितके वास्तव दिसते तितके ते पट्टीशी कमी जुळते. बहुतेक शोधनिबंधांत रंगश्रेणीचे नाव व तिची पट्टी दिली जाते. दिव्यांची संख्या, दिशा व रंग क्वचितच नोंदवले जातात. पॅराव्ह्यूत प्रकाशयोजना पूर्णपणे बंद करून केवळ विदेचा रंग दाखवण्याची सोय आहे. त्या अवस्थेत गोल हा वर्तुळासारखा सपाट दिसतो, आणि त्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग पट्टीशी जुळतो.